शनिवारी कुठं जाणार, हे घरी सांगता यावं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सरत आला की आपल्या शनिवारच्या पुरवणीत सुट्टीत कुठं जाता येईल याचे लेख यायला लागतात. कास, राजगड, भाजे, हरिश्चंद्रगड. मी ते कापून ठेवते. आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून अशी चार-पाच कात्रणं चिकटवलेली आहेत. एसटी कुठून सुटते, पायथ्याचं गाव कोणतं, वर पाणी कुठं मिळतं, सगळं त्यांत असतं. एक गोष्ट मात्र कुठल्याच लेखात नसते, आणि घरापासून लांब राहणाऱ्या मुलींचा जीव निघायच्या आधी तिथंच अडकलेला असतो. घरी काय सांगायचं?

आम्ही चौघी कर्वेनगरात भाड्यानं राहतो. एकमेकींना गावाच्या नावानंच हाक मारतो. उदगीर, चोपडा, कणकवली आणि मी मेहकर. चौघींची ऑफिसं चार दिशांना, शिफ्टा वेगळ्या, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार आमची गाठ पडते ती गिझर कुणी बंद केला आणि दूध कुणी तापवायचं एवढ्यापुरती. मैत्री झाली ती शनिवार-रविवारी, एसटीच्या खिडकीपाशी आणि गडाच्या वाटेवर. ऑफिसातले दोघं मित्रही बऱ्याचदा बरोबर असतात. हे मी मुद्दाम आधीच लिहिते, कारण घरी अडतं ते बहुतेक वेळा इथंच.

आम्ही पावसाळ्यात फारसं कुठं जात नाही. धबधब्यात, धरणाच्या पाण्यात माणसं वाहून गेल्याच्या बातम्या आम्हीही वाचतो. आमचे दिवस सुरू होतात घटस्थापनेच्या आसपास. तेव्हा कातळावरचं शेवाळ वाळून गेलेलं असतं, धुक्यात हरवलेली वाट दिसायला लागते, आणि टाक्यांत पाणी अजून भरपूर असतं. गडाच्या उतारावर सोनकी फुललेली असते, इतकी पिवळी की लांबून कुणी हळद सांडल्यासारखी वाटते. खाली खाचरांत भात पिवळं पडत असतं. मावळात किंवा वेल्ह्याकडं त्या दिवसांत सकाळी सातला एसटीतून उतरलं, की पिकलेल्या भाताचा आणि ओल्या मातीचा जो एकत्र वास येतो, त्यासाठी मी आठवडाभर ऑफिसातली एसीची हवा सोसू शकते.

शरदाचीही जोखीम असते, ती लपवत नाही. वाळलेल्या गवतात साप-जनावर असू शकतं. ऑक्टोबरचं ऊन अकरापासूनच डोक्यात जातं. आग्या मोहोळं कड्यांना लटकलेली असतात, म्हणून आम्ही निघताना अत्तर किंवा वासाचं काही लावत नाही, वर चूल पेटवत नाही, आरडाओरडा करत नाही. आणि सगळ्यात फसवा असतो तो घसारा. पावसानं मोकळी झालेली बारीक खडी उतारावर सुकून बसते, पाय टाकला की बॉलबेअरिंगसारखी फिरते. पावसाळ्यात निसरडं दिसतं तरी. घसारा दिसत नाही.

कासला गेलो होतो तेव्हा कणकवली पठारावर गुडघे टेकून पंधरा मिनिटं एकाच जागी बसली होती. आम्हाला वाटलं चक्कर आली. ती सीतेची आसवं बघत होती. नखाएवढं जांभळं फूल, पण एकेकटं दिसतच नाही, जमिनीवर नुसता जांभळा रंग पसरलेला. वाकून बघितलं तेव्हा तो रंग म्हणजे हजारो फुलं आहेत हे कळलं. आमच्याकडं सड्यावरपण येतात गं ही, ती म्हणाली, मी आजवर तुडवूनच गेले. पश्चिम घाटाबरोबर कास २०१२ साली जागतिक वारशात गेलं, वगैरे माहिती आम्ही वाचून गेलो होतो. लक्षात राहिलं ते तिचं हे वाक्य.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं, ते सांगते.

२०२३ ची कोजागिरी शनिवारी आली होती, २८ ऑक्टोबरला, आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहणही होतं. दुपारपासून चौघींच्या घरून फोन. दूध वेध लागायच्या आत पिऊन घ्या, ग्रहण बघू नका, गच्चीवर जाऊ नका. आम्ही दूध आटवलं, चारोळी आणि केशर घातलं, वेळेत पिऊनही घेतलं, पण रात्री गच्चीवर गेलो. घरमालकीण काकू सतरंजी घेऊन आधीच येऊन बसल्या होत्या. एक वाजून गेल्यावर चंद्राची एक कड काळवंडायला लागली. तोवर गप्पांत ठरून गेलं होतं की पुढच्या शनिवारी राजगड.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवरूनच उदगीरनं घरी फोन लावला. आम्ही तिघी शेजारीच बसलो होतो. ती आईला म्हणाली, पुढच्या शनिवारी ऑफिस आहे, दिवाळीच्या आधी काम संपवायचंय, फोन लागणार नाही बहुतेक. तिनं ते इतक्या सहज म्हटलं की आम्ही हसलो. मीही हसले. ती पहिल्यांदा बोलत नव्हती असं, आणि आम्ही पहिल्यांदा ऐकत नव्हतो. तिच्या घरी गड म्हटलं की नाही, मुलं बरोबर म्हटलं की त्याहून नाही. एकदा खरं सांगून बघितलं होतं तिनं, तर पंधरा दिवस आई बोलली नव्हती. तेव्हापासून शनिवारी तिचं ऑफिस असायचं.

४ नोव्हेंबरला पहाटे स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी पकडली. त्या वर्षीच्या १७ मार्चपासून आम्हा बायकांना एसटीत निम्मं तिकीट झालं होतं, चौघींच्या प्रवासाचे पैसे दोघींत व्हायचे. मार्गासनीला उतरून जीपनं गुंजवणे. चोरदरवाजाच्या वाटेनं अडीच तासांत पद्मावती माचीवर. शेवटचा कातळटप्पा रेलिंगला धरून चढायचा, आणि मग ते छोटंसं दार. तलावाच्या काठी डबे उघडले. उदगीरचे धपाटे आणि शेंगाची चटणी, चोपड्याचं भरीत, माझा ठेचा. उदगीर सुवेळा माचीकडं नेढ्यातून, म्हणजे कातळातल्या आरपार भोकातून, येणारा वारा खात कितीतरी वेळ बसून राहिली. महाराजांनी पंचवीसेक वर्षं जिथून राज्य केलं तिथं बसून मी धपाटा खाल्ला, असं ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

उतरताना रेलिंग संपलं, अवघड ते मागं पडलं, आणि सोप्या सोंडेवर तिचा पाय घसाऱ्यावरून गेला. पडली तीही बसल्यासारखी. उठायला गेली तर डावा पाय टेकवेना. बघता बघता घोटा लिंबाएवढा सुजला.

थोडं खाली एक मावशी ताक विकायला बसल्या होत्या. त्या हातातलं सोडून वर आल्या. ताकाच्या हंड्यावर झाकलेलं ओलं फडकं काढून त्यांनी तिच्या पायाला घट्ट बांधलं. थंड होतं ते, उदगीरनं डोळे मिटून घेतले. मावशींनी बांधता बांधता विचारलं, "घरी कळिवलं का गं?"

ती काही बोलली नाही.

खाली यायला आम्हाला साडेतीन तास लागले. काही ठिकाणी ती बसून सरकत आली, काही ठिकाणी दोघा मित्रांच्या खांद्यांवर, आणि शेवटच्या टप्प्यात मावशींच्या मुलानं तिला सरळ पाठुंगळी घेतलं. नोव्हेंबरात सहाला सूर्य मावळतो. गुंजवण्यात पोचलो तेव्हा गोठ्यांत दिवे लागले होते. जीपवाले काका गाडी काढता काढता म्हणाले, "घरी सांगितलं न्हवं? सांगा आधी, मग निघू." ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

दवाखान्यात कागद भरताना काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, नातेवाईक कोण? मी माझं नाव सांगितलं. नातं? मैत्रीण. त्यांनी पेन थांबवलं. "घरचं कुणी नाही का? कळवलंय का घरी?"

एका दिवसात तिसऱ्यांदा. संपादक महोदय, हाडाला चीर गेली होती, डॉक्टरांनी पाय हलवून बघितला तेव्हाही ती ओरडली नव्हती. या प्रश्नावर ती रडली. मला म्हणाली, "मेहकर, तू सांगू नकोस. मला घरी बोलावून घेतील. नोकरी सोडायला लावतील." पायाचं दुखणं तिला दुसऱ्या नंबरचं होतं. त्या बाकावर बसून ती दिवाळीपर्यंत पाय कसा लपवायचा याचा हिशोब करत होती. मला आठवली ती गच्ची, आणि मी हसले होते ते.

फोन मी लावला. तिला सांगूनच लावला. तिच्या वडिलांना म्हटलं, काका, मी तिची मैत्रीण बोलतेय, ती बरी आहे, पायाला लागलंय, आम्ही राजगडावर गेलो होतो. पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मग त्यांनी एवढंच विचारलं, "डोक्याला तर नाही ना लागलं?"

ते रात्रीच्या गाडीनं निघाले. सकाळी सातला दारात उभे, हातात पिशवी, पिशवीत घाईत भरलेला एकच शर्ट. चहा नको म्हणाले. तिच्या खाटेशी बसले, प्लास्टरवर हात ठेवला. मला वाटलं होतं आता आम्हा सगळ्यांची कानउघाडणी होणार, दोघं मित्र तर जिन्यातच थांबले होते. काका तिला म्हणाले, "पडलीस त्याचं काही नाही गं माय. रानात माणूस पडतंच. पण रात्रभर गाडीत माझ्या डोक्यात एकच. हिला दरीत काही झालं असतं, तर मी सोमवारपर्यंत समजत राहिलो असतो की लेक हापिसात आहे."

त्या दिवसापासून आमच्या घरी एक पद्धत पडली. शुक्रवारी संध्याकाळी एक कागद लिहायचा. कुठं जाणार, कोण कोण, कुठली गाडी, पायथ्याच्या गावातल्या एखाद्याचा नंबर, किती वाजेपर्यंत खाली. त्या कागदाचा फोटो चारही घरी जातो. दोघं मित्रही त्यावर नावानिशी असतात, त्यांचेही घरचे नंबर असतात. एक प्रत घरमालकीण काकूंकडं. दुपारी तीनच्या आत उतरायला लागायचं, वर कितीही चांगलं वाटत असलं तरी. खाली आलं की चार घरी एकेक फोन, मगच चहा. गेल्या वर्षी हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याला पोचायला उशीर झाला. समोर ढग भरून येत होते, थोडं थांबलो असतो तर काय काय दिसलं असतं. कागदावर वेळ लिहिली होती म्हणून उठलो.

आपल्या वृत्तपत्राचे बरेचसे वाचक आमच्या आईवडिलांच्या वयाचे आहेत. म्हणून त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमची लेक पुण्यात, मुंबईत, नाशकात खोली घेऊन राहते. ती शनिवारी घरात बसून नसते. तुम्ही नाही म्हटलंत तरी नसते. तुमच्या नाहीनं ती जायची थांबत नाही, फक्त ती कुठं आहे हे तुम्हाला कळायचं थांबतं. आणि मग जिथं काही झालं, तिथं तिला सगळ्यात आधी ज्यांना हाक मारायची, त्यांच्याच नजरेची सगळ्यात जास्त भीती वाटते. मला हे दवाखान्याच्या बाकावर दिसलं, म्हणून लिहिते.

काळजी करू नका, असं मी म्हणणार नाही. काळजी कराच. विचारा. गाडी कोणती, परत कधी, बरोबरची मुलं कोण, त्यांच्या घरी माहीत आहे का, पाणी किती घेतलंस, बूट घातलेस का. दहा प्रश्न विचारा. आम्हाला राग येत नाही त्याचा, खरंच येत नाही. राग येतो तो प्रश्न न विचारताच येणाऱ्या नकाराचा.

माझी आजी गावातल्या बायकांबरोबर पायी पंढरपूरला जायची. तेव्हा घरात फोन नव्हता. पंधरा-पंधरा दिवस निरोप नसायचा, आणि ती परत आली की आजोबा ओवाळून घरात घ्यायचे. वाटेत ती कुठं झोपली, कुणाच्या ओसरीवर जेवली, दिंडीत पुरुष किती होते, हे तिला कुणी कधी विचारलं नाही. देवाचं काम होतं, मान्य. पण आजी सांगायची ते बहुतेक वाटेचंच असायचं, की ओढा कसा ओलांडला, कुणाचे पाय कसे चोळून दिले, चांदण्यात बायका कशा हसत होत्या. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. मी पुण्याला निघाले तेव्हा एवढंच म्हणाले, कुठंही जा, सांगून जा. हे नशीब आहे माझं, हे मला उदगीरकडं बघून कळलं. तोवर मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं.

काकांनी तेव्हा तिला दिवाळीला घरी नेलं. आम्हाला वाटलं, गेली आता आपली उदगीर. प्लास्टर निघालं, आणि जानेवारीत ती परत आली. काय बोलणं झालं घरी, तिनं सगळं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पायऱ्या उतरताना अजून ती डावा पाय आधी चाचपून टाकते.

२०२५ च्या जुलैत बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यात राजगड आहे, लोहगडही आहे. त्या बातमीचं कात्रण काकांनी स्वतः फोटो काढून लेकीला पाठवलं. मग दसऱ्यानंतर एका शनिवारी ते आलेच. त्यांच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही लोहगड ठरवला, पायऱ्यांचा आहे म्हणून. लोकलनं मळवली, वाटेत भाजे लेणी. तिथल्या स्तूपांपाशी ते चपला काढून उभे राहिले. बावीसशे वर्षांपूर्वीच्या छिन्नीच्या खुणांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, गवंड्याचा मुलगा आहे मी, हे काम मला कळतं. हे उदगीरलाही माहीत नव्हतं, आजोबा गवंडी होते ते. लोहगडाच्या दरवाजांतून चढताना ते मित्रांपैकी एकाच्या खांद्याला धरून चढले. वर विंचूकाटा माचीकडं बघत बसलो असताना उदगीरनं त्यांना सांगितलं की तलावाकाठी धपाटे खाल्ले होते ते असेच, राजगडावर. ते म्हणाले, माहितेय, तुझ्या आईनंच करून पाठवले होते.

आई अजून तयार नाहीत. हे झाकून पत्र संपवलं तर ते खोटं होईल. शुक्रवारी कागदाचा फोटो गेला की त्यांचं उत्तर येत नाही. शनिवारभर त्या लेकीशी बोलत नाहीत. उदगीर आता तरीही खरंच सांगते, आणि शनिवारभर तिचा चेहरा उतरलेला असतो, अगदी सोनकीच्या ताटव्यात उभी असली तरी. पण संध्याकाळी आमच्या कागदावर जी वेळ लिहिलेली असते, त्या वेळेला, पाच मिनिटं इकडं नाही की तिकडं नाही, तिचा फोन वाजतो. आई दुसरं काही बोलत नाहीत. "उतरलात का?" एवढंच विचारतात, उत्तर ऐकतात आणि ठेवतात.

येत्या शनिवारी आम्ही पुरंदरला जाणार आहोत. येताना सासवडला सीताफळं घ्यायची आहेत, त्यांतली एक पेटी उदगीर गावाला जाणाऱ्या गाडीनं जाईल.

हे पत्र मैत्रिणीला वाचून दाखवलं आहे आणि तिच्या संमतीनं पाठवते आहे. तिच्या घरच्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, कर्वेनगर, पुणे